जुन्नरची मासवडी

जुन्नरास जाऊन आलेल्या गृहस्थास आपण विचारले की, काय पाहिले, तर तो शिवनेरी, लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ओझरचा विघ्नेश्वर आणि पायांत बळ असेल तर नाणेघाट, अशी नावे घडाघडा सांगतो. पण काय खाल्ले, असे विचारावे तर तो क्षणभर थांबतो आणि मग हमरस्त्यावरील एखाद्या उपाहारगृहाचे नाव घेतो. गाव डोळ्यांनी पाहावयाचे आणि तोंडाने मात्र आपल्या घरचेच खावयाचे, हा आपल्या प्रवासाचा जुना परिपाठ आहे. आमच्या घरी तर तो परिपाठ नव्हे, नियम होता. निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या व्हावयाच्या, तिळाची चटणी कुटावयाची, मेतकुटाची बरणी भरावयाची आणि फिरकीचा तांब्या घासून ठेवावयाचा. परगावी कोणाच्या घरी उतरलो तरी तेथे आपण घ्यावयाचे ते फार तर ताक.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत चार दिवस काढले, ते मात्र मुद्दाम जेवावयास म्हणून. बरोबर घरातील मंडळी होती आणि वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या आमच्या थोरल्या काकू होत्या. प्रवासाची कल्पना त्यांचीच. साठ वर्षांपूर्वी आमचे आजोबा जुन्नर तालुक्यातील एका खेड्यात शाळामास्तर होते, आणि काकू नव्या सूनबाई म्हणून तेथे वर्ष-दीड वर्ष राहिल्या होत्या. “मला तिथे एकदा जेवायला जायचे आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. पाहायला जायचे आहे असे म्हणाल्या नाहीत, हे आमच्या ध्यानात आले. पण अधिक विचारण्याची सोय नव्हती.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने खेड, मंचर करीत नारायणगावास आले की, डावीकडे जुन्नरचा फाटा लागतो. एकूण अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. नारायणगाव म्हटले की विठाबाईंचा तमाशा आठवणारी मंडळी अजून पुष्कळ आहेत. परंतु आज त्या गावाची ओळख सांगावयाची तर टोमॅटोचा बाजार प्रथम सांगावा लागेल. रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊस, द्राक्षांचे मांडव, कांदा. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी हा मुलूख हिरवा केला आहे. काकू खिडकीतून बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “बाजरी कुठे गेली?” आम्ही म्हटले, काढून झाली असेल. त्या म्हणाल्या, “काढली तरी सरमाड दिसतेच की.” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जुन्नर हे जेवणाच्या दृष्टीने पाहावयाचे तर आरंभ लेण्यांपासून करावा लागतो. हे वाचून वाचकांस हसू येईल. पण आमचे म्हणणे ऐकून घ्यावे. या गावाभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका गावाच्या वाट्यास इतकी लेणी दुसरीकडे क्वचितच आली असतील. सातवाहनांच्या काळी कोकणच्या बंदरांतून माल नाणेघाटाने वर चढे तो जुन्नरास येई, आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून ही विहारे कोरली जात. त्यांच्या भिंतींवर दात्यांनी आपापले दान दोन-दोन ओळींत नोंदवून ठेवले आहे. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचे सांगितले आहे. म्हणजे दाणे विकणाऱ्या मंडळींचा संघ दोन हजार वर्षांपूर्वी येथे इतका सधन होता. दुसरा लेख याहून मौजेचा. त्यात चिट नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला, ग्रीक किंवा तत्सम. तो स्वतःस ‘गतांपैकी’ म्हणवितो. हे गत कोण, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमचे लक्ष त्या वादाकडे नाही. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने परक्या गावात दान करावयाचे ठरविले, आणि इतरांनी टाकी, खोल्या, चैत्य दिले असता याने दिले काय, तर दहा माणसांनी एकत्र बसून जेवावयाची जागा. त्याला या गावात कोणी तरी पोटभर जेवू घातले असले पाहिजे, असे आम्हांस राहून राहून वाटले.

ती परंपरा तालुक्यात अगदीच मोडली आहे असेही नव्हे. पूर्व टोकास घाटमाथ्यावर आणे नावाचे गाव आहे. तेथे हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीस आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठमोठ्या कढयांतून शिजते. भाकरी मात्र एका ठिकाणी होत नाहीत, त्या आसपासच्या घराघरांतून भाजून येतात. कोणाच्या हातची भाकरी कोणाच्या पत्रावळीत पडली याचा हिशेब राहात नाही, आणि कोणी विचारीतही नाही.

जुन्नरास आलेला दुसरा परका म्हणजे अफनासी निकितिन. हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास, बहामनी अमदानीत, चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून ऐन पावसाळ्यात जुन्नरास पोहोचला. चिखलामुळे त्याला दोन महिने येथेच अडकून पडावे लागले. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा येथील खानाने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत देईन, अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने रदबदली करून त्याची सुटका केली. अशा विवंचनेतही हा गडी आसपास काय शिजते ते टिपून ठेवतो. येथे घोड्यांस हरभरे घालतात आणि साखर व तूप-तेल घालून खिचडीही रांधून चारतात, असे त्याने लिहिले आहे. व्यापारी धर्मशाळांत उतरतात आणि त्यांचे अन्न तेथील बायका रांधतात, हेही लिहिले आहे. पुढे बेदरकडे हिंदू लोकांचा परिचय झाल्यावर मात्र त्याची नोंद निराळी आहे: हे लोक परक्याबरोबर जेवीत नाहीत, आणि एकमेकांपासूनही आड होऊन जेवतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी त्या परक्याने आमच्या फिरकीच्या तांब्याचे चित्र काढून ठेवले आहे, असेच ते वाचताना वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खेड्यात गेलो. शाळेची इमारत नवी झाली आहे. आजोबांचे बिऱ्हाड जेथे होते तेथे आता खतांचे दुकान आहे. पण शेजारचे घर तेच. ओसरीवर बसलेल्या आजीबाईंनी कपाळावर हात धरून आम्हांस न्याहाळले, आणि काकूंनी आपले नाव सांगण्यापूर्वीच त्या उठल्या. “मास्तरांच्या सूनबाई ना? वैनी, तुमचं चालणं तेच हाये.” दोघी एकाच वर्षी त्या आळीत लग्न होऊन आलेल्या. चहा झाला, लेकी-नातवंडांची चौकशी झाली, आणि आजीबाईंनी जरा बिचकतच विचारले, “सैपाकाला काय घालू? का शिधा काढू?”

शिधा! पूर्वी ब्राह्मण पाहुणा आला की कुणब्याच्या घरून त्याला कोरडा शिधा मिळावयाचा, अंगणात तीन दगडांची चूल मांडून मिळावयाची, आणि पाहुण्याने आपले आपण रांधून घ्यावयाचे. एवढी वर्षे उलटून, घरात गॅसची शेगडी आणि शीतकपाट आले तरी त्या बाईंनी आमच्यासाठी तो पर्याय मोकळा ठेवला होता. काकू म्हणाल्या, “मासवडी कर.”

मासवडी हा जुन्नर, आंबेगाव, खेड आणि पलीकडे पारनेर, संगमनेर या टापूचा पदार्थ. नाव ऐकून आपल्याकडील मंडळी दचकतात. परंतु मासवडीत मासा नाही आणि मांसही नाही. आकार माशासारखा, म्हणून मासवडी, असे तेथे सांगतात. घरात बाकीच्यांसाठी सामिष शिजले की गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाचे ताट सुने दिसू नये म्हणून हा पदार्थ करावयाचा, असाही खुलासा आम्हांस त्या ओसरीवरच मिळाला. त्याला पुरावा काय, ते आम्ही विचारले नाही; पण माळकऱ्याची अशी काळजी वाहणारे घर आम्हांस आवडले.

कृती आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पाहिली, ती आमच्या भगिनीवाचकांसाठी सविस्तर देतो. प्रथम सारण. सुके खोबरे किसून तांबूस भाजले, तीळ तडतडेपर्यंत भाजले, थोडी खसखस भाजली. कांदा उभा चिरून तेलावर चांगला तपकिरी केला. कांद्यात ओल राहिली की सारण चिकट होते आणि वडी सुटते, म्हणून येथे घाई करावयाची नाही. मग लसूण, कोथिंबीर, मीठ आणि घरचा काळा मसाला घालून हे सर्व पाट्यावर, पाण्याचा थेंबही न लावता, भरड वाटले. मिक्सर घरात होता. त्याला त्या दिवशी सुटी होती.

नंतर आवरण. कढईत तेलाची फोडणी, तीत हिंग, हळद, वाटलेली मिरची व लसूण. त्यावर पाणी घालून खळखळ उकळी आली की हरभऱ्याच्या डाळीचे पीठ एका हाताने वैरायचे आणि दुसऱ्या हाताने घोटायचे. गुठळी होता कामा नये. पीठ घट्ट होऊन कढईपासून सुटू लागले की झाकण ठेवून वाफ आणावयाची. इतका वेळ सावकाश चालणारे काम येथून पुढे मात्र एकदम वेग घेते. पाटावर ओले फडके पसरलेले असते. त्यावर खोबरे-कोथिंबीर भुरभुरून तो चटका देणारा गोळा टाकावयाचा आणि ओल्या हाताने झरझर थापून पातळ करावयाचा. निवला की चिरतो, गरम असला की हात भाजतो. आजीबाईंनी सुनेला बाजूला सारले आणि स्वतः थापू लागल्या. मध्ये सारणाची जाड रेघ घातली, फडक्याच्या दोन्ही कडा उचलून ती पोळी सारणावर दोहोंकडून मिटली, आणि फडक्यावरूनच दाबून तिला तीन कडांचा लांबट आकार दिला. फडके सोडले तेव्हा पाठीवर कोथिंबिरीची खवले घेऊन एक पिवळाजर्द मासा पाटावर निजला होता. थोडा निवल्यावर विळीवर बोटभर जाडीच्या वड्या कापल्या. प्रत्येक वडीत मध्यभागी सारणाचा काळसर त्रिकोण. उरलेले सारण बारीक वाटून, तेलात परतून त्याचा पातळ, झणझणीत रस्सा केला. त्यात टोमॅटो नाही, हे नारायणगावच्या इतक्या जवळ मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे.

पाने मांडली. बाजरीची भाकरी, रस्स्याची वाटी, वड्या, कांदा, शेंगदाण्याची चटणी. भाकरी रस्स्यात कुस्करावयाची आणि वडी वेगळी तोडून तिच्याबरोबर खावयाची. वडी रस्स्यात बुडवून ठेवणारा पाहुणा नवखा समजला जातो. आवरण मऊ, सारण खमंग, आणि पाठीमागून येणारा मसाल्याचा जाळ. आमच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि आम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतले. काकू मात्र पहिली वडी हातात घेऊन बसल्या होत्या.

“माझ्या सासूबाईंचे चुकले,” त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. साठ वर्षांपूर्वी या आजीबाई, म्हणजे त्या वेळच्या सोळा-सतरा वर्षांच्या सूनबाई, सासरी आल्यावर पहिल्याने केलेल्या मासवड्या ताटात घालून, वर स्वच्छ फडके झाकून मास्तरांच्या घरी घेऊन आल्या होत्या. आमच्या आजीने ताट हसतमुखाने घेतले, मुलीच्या हातावर साखर घातली, आणि ती वळताच ताट गोठ्यात गाईपुढे रिकामे केले. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. कांदा-लसूण आणि परक्या चुलीचे अन्न घरात घ्यावयाचे नाही, आणि अन्न टाकावयाचेही नाही, या दोन नियमांतून तिने काढलेली ती वाट होती. काकू गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. वड्यांचा वास त्यांना त्या दिवसापासून विसरता आला नव्हता. आणि ताट परत न्यावयास ती मुलगी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली होती, हेही त्यांनी पाहिले होते. तिने गाय पाहिली की नाही, एवढेच त्यांना साठ वर्षे कळले नव्हते.

आजीबाईंनी भाकरी वाढता वाढता उत्तर दिले. “पाहिलं की. घरी जाऊन लई रडले. सासू म्हणली, गाईनं खाल्लं ना, मग देवाला पावलं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण वैनी, त्या दिवशीची वडी चिरली होती. बरं झालं तुम्ही नाही खाल्ली. ही खा.”

काकूंनी खाल्ली. चार खाल्ल्या. तिखटाने त्यांना ठसका लागला तेव्हा आजीबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठांशी धरला. आम्ही सर्वांनी आपापल्या पानांकडे पाहिले.

संध्याकाळी आम्हांस निघू दिले नाही. कारण दोन. एक, उसातला बिबट्या. ऊस वाढला तसे बिबटेही उसात वस्तीला आले. माणिकडोहास त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. पण जे मोकळे आहेत त्यांच्या भीतीने अंधार पडल्यावर या भागात पायवाटेने कोणी एकटे जात नाही. दुसरे कारण, रात्री शेंगोळे करावयाचे होते.

शेंगोळे हुलग्याचे. आपण ज्याला कुळीथ म्हणतो त्याला इकडे हुलगा म्हणतात. हुलग्याच्या पिठात वाटलेला लसूण, मिरची, जिरे, मीठ घालून घट्ट मळावयाचे, तळहातांवर वळून बोटाएवढ्या वळ्या करावयाच्या, त्यांना कड्यासारखा आकार द्यावयाचा आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडावयाच्या. शिजताना पीठ सुटून पाणी आपोआप दाट होते. थंडीच्या रात्री वाटीभर शेंगोळे पोटात गेले की पांघरुणाची आठवण होत नाही. हुलगे शिजवून बैलांना घालतात, आणि इंग्रजांनी तर या धान्याचे नावच घोड्याचा हरभरा असे ठेवले. ते ऐकून आमच्या पुतण्याने निकितिनच्या घोड्यांची आठवण काढली, आणि आपणही आज घोड्यांच्या पंगतीस बसलो, असे म्हणून सगळ्यांस हसविले.

हसणे ओसरल्यावर घरधन्याने, म्हणजे आजीबाईंच्या चिरंजीवांनी, सहज सांगितले की, हे पीठ विकतचे आहे. त्यांच्या रानात हुलगा पेरून कैक वर्षे झाली. पाणी आले, ऊस आला, कर्ज फिटले, मुलगी पुण्यास शिकते. हुलगा आणि बाजरी ही कोरडवाहू रानाची पिके. पाणी असताना ती कोण पेरणार? मासवडी आता हमरस्त्यावरच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेली असते, तिची थाळी मिळते; पण घरात ती थापणारा हात एकट्या आजीबाईंचा उरला आहे. सुनेने हे ऐकले आणि ती काही बोलली नाही. सकाळी सहा वाजता उठून ती द्राक्षांच्या कामावर मजूर लावते, हिशेब ठेवते, दुपारी शाळेच्या बैठकीस जाते. फडक्यावर पीठ थापीत बसण्यास तिला सवड कोठून मिळावी, हा प्रश्न आम्हीच मनाशी विचारला.

ते पाणी कोठून आले, हे पाहावयास आम्ही तिसऱ्या दिवशी आंबेगाव तालुक्यात गेलो. आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठाणे घोडेगाव. खुद्द जुने आंबेगाव हे गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. तालुक्याला नाव देऊन गाव नाहीसे झाले. धरणाच्या वरच्या अंगास भीमाशंकराच्या रानाकडे महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत. तेथे भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई. पावसाळ्यात कुरडू, भारंगी, चाई अशा रानभाज्या मिळतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा हंगाम सरला होता. एका घरी नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि नव्या तांदळाचा भात मिळाला. तो भात नुसता खावा असा होता. अंगणातून घरधन्याने बोट दाखविले: “आमची चांगली खाचरं त्या पाण्याच्या मधोमध हायेत. पाणी खाली गेलं, आम्ही वर राहिलो.” त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा माहिती देण्याचा सूर अधिक होता. आदल्या दिवशीची द्राक्षे, ऊस आणि पुण्यास शिकणारी ती मुलगी आमच्या डोळ्यांपुढे आली, आणि भाताचा पुढचा घास घेण्यास जरा वेळ लागला. निघताना त्याने आम्हांस मूठभर बाळहिरडा दिला. या रानचा हिरडा औषधासाठी दूरवर जातो. तो गोळा करून वाळविणे आणि विकणे, हा तेथील घरांस भातानंतरचा मोठा आधार. पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.

परतताना वाट वाकडी करून पुन्हा त्या खेड्यात गेलो. आजीबाईंनी एक गाठोडे तयारच ठेवले होते: विकत आणलेले का होईना, हुलग्याचे पीठ, काळा मसाला, शेजारच्या रानातून मागून आणलेली दोन शेर बाजरी. काकू म्हणाल्या, “हा शिधा का?” आजीबाई म्हणाल्या, “छट्! वानवळा हाये. शिधा परक्याला.” मग त्यांनी आपले थापावयाचे फडके धुऊन, वाळवून, घडी घालून वर ठेवले. मऊ झालेले, हळदीने पिवळे पडलेले, चौकोनी फडके.

पुण्यास आल्यावर चौथ्या दिवशी काकूंनी मासवडी करावयास घेतली. आमच्या घरच्या ओट्यावर कांदा-लसणाचे वाटण पहिल्यानेच झाले असे नव्हे; परंतु काकूंच्या हातून पहिल्यानेच झाले. पीठ वैरताना दोन गुठळ्या राहिल्या. थापताना हात भाजला. सुनांनी मदतीस धाव घेतली, ती त्यांनी नाकारली. फडके सोडले तेव्हा वडी मधोमध चिरली होती. काकूंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, मग जुन्नरास दूरध्वनी लावावयास सांगितला, आणि पलीकडून आवाज येताच त्या जोराने म्हणाल्या, “अगं, माझीही चिरली!”